मोठ्या ट्रॅक्टरला हो म्हणू नकोस

अरे, छोटीला लस टोचायला घेऊन जातेय. एजन्सीवाला मी यायच्या आत आला, तर मोठ्या ट्रॅक्टरला हो म्हणून बसू नकोस. आपल्याला गवत कापायचंय, फाटकापर्यंत खडी ओढायचीय, अधूनमधून लाकडं आणायचीत. तेवढ्याला लहान ट्रॅक्टर रग्गड झाला.

माझे बाबा ट्रॅक्टर घ्यायला निघाले, तेव्हा मलाही नेलं होतं. प्रत्येक ट्रॅक्टरच्या तोंडापुढे मला उभं करायचे, स्वतः वर चढून बसायचे आणि ओरडायचे, "चिमणे, दिसत नाहीस गं!" मी टाचा उंचावल्या की म्हणायचे, "लबाडी नको!" शेवटी एका बुटक्या, लाल ट्रॅक्टरवरून त्यांना माझी रिबीन दिसली. तोच घरी आला. आत्या हसून हसून म्हणाली, "दादा, हे मोठं झालं की ट्रॅक्टर होणार का?" आम्ही कितीतरी वर्षं तो किस्सा सांगून हसायचो.

काल तू शेजाऱ्यांचा मोठा ट्रॅक्टर चालवून बघायला वर बसलास, इंजिन सुरू केलंस, तेव्हा छोटी त्याच्या पुढ्यात खडे वेचत होती. मी धावत जाऊन तिला उचललं. तू इतका खुशीत होतास की मला तेव्हा बोलवेना.

तुला ती दिसलीच नव्हती रे.