माळावरची फरसबंदी

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. कालचं सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

आपल्या धाकट्या विष्णूनं नव्या घराच्या जोत्यासाठी माळावरच्या जुन्या रस्त्याचे दगड काढायला घेतले होते. कळल्या कळल्या मी जाफराबादहून जीपनं निघाले. पोचले तर जेसीबी उभा, आणि तीन दगड उपटलेले.

आठवतं का, मेंढरं चरायची आणि मी त्या दगडांत पडलेल्या चाकोरीतून एकेक पाऊल टाकत जायचे? पैठणचा माल घेऊन व्यापारी इथूनच उत्तरेला जायचे, असं तुम्ही सांगायचात. "किती गाड्या गेल्या असतील, आबा?" मी विचारायचे. "आपल्या मेंढरांहून जास्त," तुम्ही म्हणायचात. माझ्या हिशोबी त्याहून मोठा आकडाच नव्हता.

विष्णू म्हणाला, "धोंडेच तर हायेत ताई. आता इथून कोण जाऊन राह्यलं?"

मंग मी त्याला माझ्या जन्माची गोष्ट सांगितली. तीन दिवस पावसाची झड लागलेली, आई अडलेली, खालच्या काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतलेली. तुम्ही आणि काकांनी ती कशीबशी ओढून काढली आणि माळावर घातली. या दगडांवरून बैल न थांबता दवाखान्यापर्यंत गेले.

त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला का नाही सांगितलंत, आबा? आई तर त्याचीही होती.

तो उपटलेल्या दगडांपाशी गेला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "ने बाबा मशीन परत." पहार घेऊन त्यानं स्वतः दगड जागेवर बसवले. एक मात्र दुभंगला होता. दोन्ही तुकडे जोडून ठेवलेत, पण भेग दिसते.

मी तरी त्याला काय बोलणार? शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही म्हणाला होतात, "चल, वर माळावर जाऊन येऊ." मी म्हणाले, "उन्हात काय बघायचंय तिथं?" तुम्ही काठी घेऊन एकटेच गेलात. ते अजून सलतं.

दिवाळीला विष्णूच्या आणि माझ्या लेकरांना घेऊन मी तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणार आहे. तुमच्याकडून ऐकलेलं सगळं त्यांना सांगेन. एकटीपाशी काही ठेवणार न्हाई, आबा.

तुमचीच,
चंद्रा