किल्ल्याला एक श्रोता मिळाला

सोमवार, ४ नोव्हेंबर
गुरुवारी मोसमातलं पर्यटकांचं पहिलं जहाज. गाव वेडं झालंय. रमच्या दुकानाला पुन्हा गुलाबी रंग. चर्चसमोर बायका माळा ओवत बसल्यात. मणी चीनचे, माळा 'आमच्या बेटाच्या'. क्लॉडविनने ट्रकच्या हौद्यात बाकडी ठोकून वर कापडी छत ताणलंय, स्पीकर बसवलेत. म्हणजे आता हा पर्यटनात. परवापर्यंत त्याच ट्रकमधून डुकरं नेत होता. तसा फार फरक पडणार नाही म्हणा.

निश्चय: यंदा मी धक्क्याच्या फाटकाशी "बीच, बीच" म्हणून ओरडणार नाही. हातात पुठ्ठा धरणार नाही. मिनीबस रानबदामाच्या सावलीत लावून शांत उभा राहीन. ज्याला संस्कृती कळते तो आपण होऊन चालत येईल. त्याला मी किल्ला दाखवीन.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
भाषणाची तालीम. फ्रेंच आले, इंग्रज आले, फ्रेंच परत आले. एवढ्यातच संध्याकाळ झाली. आयान्थीला समोर बसवलं होतं. ती मासे साफ करत होती. ऐन वेढ्याच्या वर्णनात म्हणाली की मिनीबसचं मागचं दार आतून उघडत नाही, आधी ते बघ. एवढ्या वर्षांचा संसार, पण बाईला तोफेचं महत्त्व जास्त की दाराचं हे कळत नाही.
दार उद्या.

बुधवार, ६ नोव्हेंबर
दार राहिलं. निळ्या शर्टाला इस्त्री केली. म्हणजे आयान्थीने केली, पण शर्ट मी निवडला.
रमच्या दुकानात क्लॉडविनने सगळ्यांदेखत विचारलं, प्रोफेसर, उद्या वर्ग किती वाजता भरणार? सगळे हसले. त्या हसण्यात मला थोडा आदर जाणवला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर, सकाळ
जहाज आलं. चर्चपेक्षा उंच. त्यातून माणसं सांडली. पोहायच्या चड्डीवर बँकेत शिरतात. एकाने मला विचारलं, बेट बंद किती वाजता होतं. एका बाईने कॅमेरा रोखला. मी हनुवटी वर केली. ती म्हणाली, जरा बाजूला व्हा, तिला मागची शेळी हवी होती.

जरा वेळाने
क्लॉडविनचा ट्रक भरून गेला. परत येऊन पुन्हा भरला. मी शांत. माझ्याकडे कुणी येत नाही याचा अर्थ आपोआप गाळणी लागतेय.

आणखी वेळाने
आलं. नॉर्वेचं जोडपं. हाल्वोर, म्हातारा, उंच, गुडघ्याने अधू. बायको सॉल्वाइग, ती तोंडाने मुळीच अधू नाही. तिने समुद्रकिनारा म्हटलं. मी हो म्हटलं आणि गाडी किल्ल्याकडे घेतली. अडाण्यांचं भलं त्यांना न विचारताच करावं लागतं. सॉल्वाइग मागे बडबडत होती. हाल्वोर पुढे माझ्याशेजारी. मी बोलतो, तो माझ्याकडे बघून मान हलवतो, हसतो. एकदाही मधे बोलला नाही. या बेटावर असा माणूस पहिल्यांदा उतरला.

दुपार, किल्ल्यावर
सॉल्वाइग खाली मिनीबसजवळच्या सावलीत फुगून बसलीय. हाल्वोर तोफेवर. मी काहीही गाळलं नाही. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. समजणारी माणसं विचारत नाहीत. फ्रेंच दुसऱ्यांदा आले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वारा होता, पण वाऱ्याचं पाणी वेगळं दिसतं.
सॉल्वाइग खालून सारखी घड्याळ दाखवते. मी सांगितलं, जहाज थांबतं.

संध्याकाळ
नीट लिहून ठेवतो, कारण क्लॉडविन हे भलतंच रंगवून सांगणार.
सॉल्वाइग आम्हाला घाई करायला म्हणून मिनीबसमध्ये जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. ते पुन्हा उघडेना. तेवढ्यात क्लॉडविनचा ट्रक शेवटची फेरी घेऊन उतरत होता. त्याने तिला खिडकीतून बाहेर ओढून काढलं. गोणी काढावी तसं. ट्रकमध्ये जेमतेम एकीला जागा. तिने वर बघून नवऱ्याला हाका मारल्या, मागून लगेच ये म्हणाली. हाल्वोरने तटबंदीवरून प्रेमाने हात हलवला आणि माझ्याकडे वळला. मी कैदखान्याच्या भागावर आलो होतो. इतिहासापायी बायकोला असा निरोप देणारा पुरुष मी पाहिला नाही.
जहाजाने भोंगा दिला. पुन्हा दिला. तो जागचा हलला नाही. मग मीही आवरतं घेतलं नाही.
धक्क्यावर पोचलो तर जहाज खाडीच्या तोंडाशी. हाल्वोर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. चेहरा पडला होता, ते मान्य. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. जहाजाच्या एजंटने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको पुढच्या बंदरात वाट बघेल, म्हाताऱ्याला सकाळच्या फेरीबोटीने पाठवा, तोवर तुम्हीच सांभाळा, असं ठरलं.
घरी आणला. आयान्थीने मासे तळले, ब्रेडफ्रूट भाजलं. दोघं डॉमिनोच्या सोंगट्या खेळत बसली. खाणाखुणा करून खिदळत होती. शेजारच्या बायकाही येऊन खुणा करू लागल्या. पोरखेळ. मी तेवढ्यात निळीच्या मळ्यांचा भाग पुरा केला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर, सकाळ
बेत: मिनीबसवर रंगाने 'इतिहासकार' लिहून घ्यायचं. खाली हाल्वोरच्या शिफारशीच्या दोन ओळी. क्लॉडविनने स्पीकर वाजवत बसावं.
त्याला फेरीबोटीवर सोडायला मी आणि आयान्थी दोघंही गेलो. मी ओळींचा विषय काढला. तो हसला आणि माझा हात जोरात दाबला. मग आयान्थीला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाला, आणि गेला. त्या ओळीच असणार. बाईमाणसाजवळ मन मोकळं करणं सोपं जातं.

दुपार
आयान्थीला विचारलं, काय म्हणाला. ती तांदूळ निवडत होती.
तिने सांगितलं की त्याचं कानातलं यंत्र परवा जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात पडलं. तेव्हापासून त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. बायकोच्या हाका नाहीत, भोंगा नाही. हे तिला तो घरात शिरल्याशिरल्या कळलं होतं. शेजारणींनाही.
मी म्हटलं, पण म्हणाला काय.
"म्हणाला, तुझा नवरा फार प्रेमळ माणूस आहे. दिवसभर तो मला काय सांगत होता?"
तू काय उत्तर दिलंस, असं विचारलं.
"काय देणार? खांदे उडवले," ती म्हणाली. "मी तरी कुठे ऐकते?"

रात्र
जेवणभर एक शब्द बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.