नागपूरचा डबा, जबलपूरचं लोणी

मी झाकणावर बसलो आहे, त्यामुळे अक्षर हलेल.

जबलपूर, ९ जानेवारी १९६३

ती. रामकृष्णदादांस अच्युतचा नमस्कार. गुडघा कसा आहे? थंडीत जिना टाळावा. (इथे सगळे उभे आहेत, मी सोडून.)

आपल्या विनताताईनं लोण्याचा स्टीलचा डबा पाठवला. दोन वर्षांपूर्वी आम्ही नागपूरला लग्नाला आलो आणि तिच्या घरी न जाता परतलो, तेव्हापासून तिचं पत्र नाही. आताही पत्र नाही, पण डबा आहे. (इंदिरा म्हणते, डबा हेच पत्र.) उद्या सकाळी ताईचे यजमान, आपले गुणवंतभाऊजी, कटनीला जाताना आमच्याकडे चहाला येणार. डबा वापरात आहे की नाही, हे ताई त्यांना विचारणारच.

अडचण अशी की डबा नागपूरच्या वडीच्या मापाचा आहे, लांब आणि अरुंद. जबलपूरची लोण्याची वडी बुटकी, चौकोनी. नागपूर आपल्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेलं तेव्हा दप्तरं वाटली, कारकून वाटले. लोण्याकडे कोणी पाहिलं नाही. दुकानदार म्हणाला, "भैया, डब्बा नागपुर का है तो मक्खन भी वहीं से मँगाइए." मी जवळच्या पाटन गावापर्यंत जाऊन आलो. पाटनलाही चौकोनच.

मग वड्या कापून जोडायला सुरी घेतली. "अहो, काहून कापून राहिले? जोड दिसतात ना!" इंदिरा म्हणाली. दिसत होते. शेजारचे मुरलीधरपंत, निवृत्त ओव्हरसियर, टेप घेऊन आले. मोजमाप करून म्हणाले, डबाच कापा. त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. शेवटी सगळं लोणी डब्यात कोंबलं, झाकण ठेवलं आणि मी बसलो. तास झाला. आत्ता खाली काहीतरी सरकलं. (प्रगती आहे.)

तुमचा धाकटा,
अच्युत

ता. क. खरं काम हे: पत्र मिळताच ताईकडे जा आणि डबा आमच्या रोजच्या वापरात आहे असं सांगा. मी बसल्याचं सांगू नका.

आणखी ता. क. (दुसऱ्या दिवशी.) आता सगळंच सांगा, बसल्याचंही. सकाळी आठला भाऊजी आले. झाकण सहज उघडलं. आत लांब, अरुंद, गुळगुळीत लोणी. एकही जोड नाही. भाऊजींनी वाकून पाहिलं. "अच्छा," म्हणाले, "लोणी घ्यायला नागपूरला येता, अन् आमच्या घरी यायला सवड नाही?" लोणी इथलंच आहे हे दाखवायला इंदिरानं इथल्या चौकोनी वडीवरचा कागद पुढे केला. त्यांनी तो लोण्यावर ठेवून पाहिला. बसला नाही. चहा न घेता ते डबा घेऊन गेले, लोण्यासकट.