अर्ध्या तासाचं अंतर

अबुधाबी, शनिवार १७ जानेवारी, संध्याकाळ

ऋचा खोटं बोलतेय. कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातल्या गावात शिकवते माझी लेक. दर सोमवारी शेजारच्या गावातल्या शाळेत जाते. म्हणते, "आई, पाच तास लागतात, फोन करू नकोस." आज नकाशावर मोजलं. विमानाने जेमतेम अर्धा तास! मग बाकीचा वेळ ही असते कुठे? कोणाबरोबर? दोन वर्षं घरीसुद्धा आली नाही, दर वेळी नवं कारण.

शेवटी मघाशी फोन लावून सरळ विचारलं, "अर्ध्या तासाला पाच तास कसे लागतात गं?"

मग म्हणाली, "आय डोन्ट फ्लाय एनीमोर, आई."

पहिल्याच हिवाळ्यात तिचं छोटं विमान वादळात सापडलं होतं. तेव्हापासून ती स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरने जाते. आणि घरी यायचं तर विमानाशिवाय वाटच नाही.

मी काय काय मनात आणलं होतं!

"मीच येते तिकडे," म्हटलं.

"त्या छोट्या विमानात बसशील तू?"

"बसेन. आणि परत येताना तुझा हात धरून बसेन."

ती नको म्हणाली नाही.