डाव्या पायाची चारशे नव्वद पावलं

हैदराबाद,
रविवार, दुपार

प्रिय बालाजी,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला हसू येईल. आठवीत शाळा सोडलेला हऱ्या पत्र लिहायला बसलाय म्हणून. हस, पण फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी फोनवर मी खोटंच बोलतो. बरं चाललंय, जेवलो, ठेवू का, एवढ्यात सगळं संपतं. आई परवा सांगत होती, बालाजीचं पोलीस भरतीचं हॉलतिकीट आलंय, परभणीचंच मैदान, अठरा तारीख, पण पोरगं जात न्हाई म्हणतंय. तुझ्या वयात बसणारी ही शेवटचीच भरती ना? सितारामकाका, बाप असून, म्हणे चार माणसांत बोलले, कशाला जातंय, पुन्हा मैदान बघून थरथर कापायला? आणि तू खाली मान घालून नारळ सोलत राहिलास. बापाच्या तोंडाला तोंड देणारा तू, गप्प बसलास, हे ऐकून मला जेवण गेलं नाही. अठराच्या आत हातात पडावं म्हणून घरी न पाठवता पोखर्णीला, नरसिंह मंदिरासमोरच्या तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय.

माझं म्हणशील तर चौथं काम बदललं. चिकनच्या दुकानात मन लागलं नाही, वायरिंगवाल्याशी भांडण झालं, एका हॉटेलात आठ दिवस भांडी घासून पळून आलो. आता पाण्याचे जार टाकायलोय. वीस लिटरचा एक जार खांद्यावर, एक हातात, आणि लिफ्ट आमच्यासाठी नाही, जिना. एका बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर मार्तंडराव म्हणून आपल्या परभणीचे गृहस्थ आहेत, बँकेतून रिटायर झालेले. मी दोन जार घेऊन पाच मजले पळत चढतो हे बघून त्यांनी एकदा विचारलं, काय रे, गावाकडं काय करायचास? मी म्हणालो, पळवायचो. ते म्हणाले, काय पळवायचास, गाड्या का पोरी? लय हसले. मग मी सांगितलं, भरतीच्या पोरांना पळवायचो. मला बारावी नाही म्हणून मी भरतीत बसत नाही, पण ज्याला बसायचंय त्याच्या पुढं पळून त्याला ओढायचो. तुझं नाव नाही सांगितलं.

त्या मार्तंडरावांना या वयात पळायचं वेड लागलंय. त्यांनी स्वतःचं आणि बायकोचं नाव इथल्या मोठ्या शर्यतीत घातलं होतं, दहा किलोमीटरच्या. सुमंगलाकाकूंचा गुडघा सुजला, त्यांचा नंबर रिकामा राहिला, तर म्हणाले तूच चल. असं दुसऱ्याच्या नंबरावर पळायचं नसतं म्हणे, ते मला नंतर कळलं. त्यांनी त्यांचे जुने बूट दिले, दोन नंबर मोठे, दोन-दोन मोजे घालून बसवले. आज पहाटे साडेपाचला अंधारातच गेलो. बालाजी, एवढी माणसं बिनकामाची एवढ्या पहाटे उठतात हे मी पहिल्यांदा बघितलं. पळण्याआधी फोटो, गुडघ्यावर औषधाचे फवारे, ढोलवाले, स्टेजवर नाचून दाखवणारी बाई, आणि तिच्यासारखे हात वर करून नाचणारे पाच हजार लोक. कुणालाच नोकरी लागायची नव्हती. हरलं तरी कुणाचा बाप काही बोलणार नव्हता. मला तिथं इतकं एकटं वाटलं की जारचा टेम्पो बरा वाटला. छातीवर सेफ्टी पिनांनी नंबर लावला होता आणि त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव, सुमंगला. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक नाव वाचून ओरडतात, कम ऑन सुमंगला! पाणी देणारं एक पोरगं तर म्हणालं, अरे सुमंगला भाई, मूँछ कब निकली? मीही हसलो. तेवढंच आजचं हसणं.

तुला आठवतं ना, मारुतीच्या देवळापासून विजेच्या खांबावरच्या निळ्या खुणेपर्यंत आपले भरतीचे सोळाशे मीटर. तू माझ्या मागं दोन हात, तुझा श्वास माझ्या मानेवर. घड्याळ तुझ्या हातात असायचं, म्हणून मी मनात डावा पाय मोजायचो. एका बाजूला बरोबर चारशे नव्वद. पाऊस असो, थंडी असो, कधी दोन वर, कधी तीन कमी, पण चारशे नव्वदच. परत येताना पुन्हा तेवढेच. दोन वर्षं रोज. ते मोजणं माझ्या अंगात इतकं मुरलंय की जार घेऊन जिना चढतानाही डावाच पाय मोजतो. आज शिट्टी वाजली, सुरुवातीच्या पट्ट्यावरून पाय पडला आणि आपोआप एक, दोन, तीन सुरू झालं. मार्तंडराव म्हणाले होते माझ्यासोबत हळूहळू चल. मी कुठला थांबतोय. तुला ओढताना धरायचो तीच चाल धरली.

तिथं प्रत्येक किलोमीटरला पाटी असते. मला वाटलं, बघू तरी. जाऊन-येऊन आपले बत्तीसशे, डाव्या पायाचे नऊशे ऐंशी. म्हणजे तीन किलोमीटरची पाटी नऊशे ऐंशीच्या बरीच आधी यायला पाहिजे, दोनशे मीटर आधी. एवढं तर आठवीवाल्यालाही कळतं. नऊशे झाले, पाटी नाही. नऊशे पन्नास. उड्डाणपुलाचा उतार लागला, समोर सरळ रस्ता, आणि पाटी लांब पुढं उभी. नऊशे ऐंशी संपले आणि ती पाटी अजून पुढंच होती, बालाजी.

आधी मी मनाची समजूत काढली. सुरुवातीला गर्दी होती, पावलं आखूड पडली असतील. परक्याचे बूट आहेत. मग त्या तीनच्या पाटीपासून नव्यानं मोजायला लागलो. आता रस्ता मोकळा होता, पुढं दहा-वीसच जण. सहाच्या पाटीपर्यंत पुन्हा तीन किलोमीटर, आणि मी देवाला म्हणत होतो, नरसिंहा, या वेळेला पाटी आधी येऊ दे. नऊशे ऐंशी पुन्हा तिथंच संपले. पाटी पुन्हा तेवढीच पुढं. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मागचे लोक धक्के देत गेले, कुणी शिव्या दिल्या, कुणी पाण्याची बाटली पुढं केली, डॉक्टरची पांढरी टोपी घातलेली एक मुलगी विचारायला लागली, छाती दुखतेय का? मी नाही म्हणालो. मग फूटपाथवर बसलो. बऱ्याच वेळानं मार्तंडराव आले, लालबुंद, धापा टाकत. मी त्यांना एकच विचारलं, साहेब, या पाट्या खोट्या असतील का? त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ते आकाशातून मोजतं म्हणे. म्हणाले, पाच-दहा मीटर इकडंतिकडं, पाट्या बरोबर आहेत. पुढचे चार किलोमीटर मी चालत गेलो. शेवटी एका पोरीनं गळ्यात पदक घातलं. ते मी काकूंना देऊन टाकलं, नाव तर त्यांचंच होतं.

आपला रस्ता सोळाशे नव्हता, बालाजी. शंभर-सव्वाशे मीटर कमी होता. आणि तो मी मोजला होता.

तू तेव्हा मामाकडं जिंतूरला गेला होतास. लॉकडाऊनचे दिवस, तुझा मोबाईल बहिणीच्या, निकिताच्या, ऑनलाइन शाळेला अडकलेला. जायच्या आधी तू माझ्या सायकलच्या चाकाचा घेर दोरीनं मोजलास, कागदावर भागाकार केलास आणि पेनानं माझ्या तळहातावर लिहिलंस, ७७३. एवढे फेरे झाले की सोळाशे. मी चाकाच्या एका आरीला फडकं बांधलं, शंभर झाले की एक खडा खिशात, असं मोजत निघालो. चार खडे झाले होते. पाचव्या शंभरात उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. सायकल घेऊन खाली काट्यात उतरावं लागलं, चाक पुढंमागं झालं. ड्रायव्हर ओरडला, काय हरिओम, सायकलला चारा टाकायलास का? मीही काहीतरी उलट बोललो. ट्रॅक्टर गेला आणि आकडा गेला. दहा होते का सत्तर, काही आठवेना. ऊन लय होतं. देवळापर्यंत मागं जाऊन पुन्हा सुरुवात करायला किती वेळ लागला असता? मी सत्तर धरले आणि पुढं निघालो.

संध्याकाळी तू परत आल्यावर विचारलंस, नीट मोजलंस ना रे? तू सहजच विचारलं होतंस. मला वाटलं, बारावीवाला आठवीवाल्याला विचारतोय. मी फाडकन म्हणालो, शंभरापर्यंत मोजता येतं मला, तुझ्याएवढी शाळा लागत नाही त्याला. तू कान धरलेस, हसलास, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः निळा रंग आणून खांबावर पट्टा ओढलास. पुढं योगीराज आपल्यात पळायला लागला, त्याच्या नव्या मोबाईलनं एकदा एका बाजूचं एक पॉइंट अठ्ठेचाळीस किलोमीटर दाखवलं होतं. आठव. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो. म्हणालो होतो, शेतात रेंज न्हाई अन् ह्याचा मोबाईल रस्ता मोजतोय. तुम्हीही हसलात, कारण खूण मी केली होती आणि पळण्याच्या बाबतीत गावात माझा शब्द चालायचा. त्या दिवशी मला ट्रॅक्टर आठवला होता. खोटं कशाला बोलू, चांगला आठवला होता.

मग तुझं मैदान. खुणेपर्यंत तुला पाच मिनिटं पाच सेकंद लागायचे, पैकीच्या पैकी मार्क धरून बसलो होतो आपण. मी तारेच्या बाहेर तुझ्या चपला हातात धरून उभा. चारातल्या साडेतीन फेऱ्या तू आपल्या चालीनं आलास, पुढच्या चारांत होतास, आणि शेवटच्या वळणावर तुझे पाय एकदम गेले. एकामागून एक पोरं तुला ओलांडून गेली. पाच चौतीस. दोन मार्कांनी यादी हुकली. तुझं अंग जेवढं पळायला शिकलं होतं तेवढं ते पळालं, रस्ता पुढं उरला. पण जीपमधून परत येताना सगळे म्हणाले, पोरगं मैदान बघून गांगरलं. आणि मीही म्हणालो, हो, जरा घाबरलाच तो. तू मागच्या सीटवर होतास. ऐकलं असशील.

तू घाबरला नव्हतास. हे मी कुणासमोरही सांगायला तयार आहे. हे पत्र सितारामकाकांना वाचून दाखव, पारावर वाच, मला कुणी काही म्हणू दे. अठराला जायचं का नाही ते तू ठरव. दहा-बारा दिवसांत काय होणार, हे मलाही कळतं. तीन वर्षं तू पळाला नाहीस, मैदान काही मागचं धरून बसत नाही. जा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि जाऊ नको म्हणायचा मला अधिकार नाही. पण जो कुणी आता त्या रस्त्यावर पळत असेल त्याला थांबव, खांबावरचा तो पट्टा खरडून काढ आणि कुणाच्या तरी चांगल्या मोबाईलनं पुन्हा मोजा. योगीराजला सांग, त्याचा मोबाईल खरा होता.

एवढ्यासाठीच लिहायचं असतं तर चार ओळींत झालं असतं. मी गाव सोडलं त्या दिवशी परभणी स्टेशनवर तू आला होतास. कुणी आलं नव्हतं, तू आलास. गाडी हलायच्या आधी खिडकीतून माझा हात धरलास आणि म्हणालास, हऱ्या, माझ्यापायी तुझी दोन वर्षं वाया गेली, तू एवढं ओढलंस आन् मीच नालायक निघालो, माफ कर मला. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हाही मला तो ट्रॅक्टर आठवला. गाडी हलायला अजून वेळ होता, सांगता आलं असतं. मी तुझ्या हातावर हात ठेवला आणि मोठ्या मनाचा माणूस बोलतो तसं म्हणालो, जाऊ दे बालाजी, केलं माफ. ते ऐकून तुला बरं वाटलं, तू डोळे पुसलेस, आणि गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत चालत आलास. मी कोण होतो तुला माफ करणारा? तेवढं एक वाक्य परत घ्यायला हे पत्र लिहायला बसलो. आता माफी मागायची पाळी माझी आहे, आणि मी मागत नाही, कारण मागितली तर तू लगेच देशील.

तुझाच,
हरिओम