टेम्पोत जागा होती

अण्णा, त्या दिवशी पाणी सोडणार हे तुम्हाला दुपारीच कळलं होतं, हे आईनं मला या आषाढात सांगितलं. मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता काय लपवायचं, असं तिला वाटलं असावं.

तुम्ही धरणावर फोनजवळ बसायचात, पातळी लिहायचात, वरून आलेला हुकूम दरवाजे उघडणाऱ्यांना कळवायचात. धरणाखालच्या नदीकाठच्या आपल्या गल्लीला पावसाळाभर तुमचा केवढा आधार! तुमची सायकल वळली की कुणीतरी विचारायचंच, "अण्णा, आज सोडताय का पाणी?" तुम्ही एक पाय टेकवून म्हणायचात, "निवांत झोपा. सोडायचं असलं की आधी मी सांगेन." आणि लोक खरंच निवांत झोपायचे.

त्या दिवशी तुम्ही भरदुपारी घरी आलात. मी सातवीत होते. दारात टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटचा टेम्पो उभा आहे, आई देव आणि कागदपत्रांची पेटी घेऊन निघालीय. समोरच्या उंबऱ्यात माझी मैत्रीण आजीचे पाय चेपत बसलीय. आजीला कमरेखाली हलता येत नव्हतं. मैत्रिणीच्या आईनं हसत विचारलं, "काय वहिनी, पोरीची शाळा बुडवून कुठं?" आईच्या आधी तुम्हीच बोललात, "सहज. पिंपळगावला, मामाकडं." मी म्हटलं, हिलाही नेऊ या ना. तुम्ही माझा दंड धरून मला वर चढवलंत. "गप बस. जागा नाही." त्या टेम्पोत अर्धी गल्ली मावली असती, अण्णा. क्रेट तर खाली उतरवता आले असते.

भोंगा वाजला तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होतं. मैत्रिणीच्या आईनं पोरीला पत्र्यावर चढवलं आणि सासूला उचलायला ती परत आत गेली, तोवर खाट हलली होती. आजी दुसऱ्या दिवशी पुलाखाली सापडली. तुम्ही तिच्या दहाव्याला जाऊन बसलात. "अचानक सोडावं लागलं," असं चारचौघांत सांगितलंत.

आई म्हणाली, "जाहीर व्हायच्या आत बोलले असते तर नोकरी गेली असती." मी विचारलं, "मग आपल्याला कसं सांगितलं?" तेलाची वाटी उचलून ती आत गेली. नोकरीची भीती मला समजते, मीही नोकरीच करते. पण ज्यांना तुम्ही झोपा म्हणालात, त्यांच्यासमोरून तुम्ही आम्हाला घेऊन गेलात, आणि मला त्यात बसवलंत.

काल पुन्हा पाणी सोडलं. आता मोबाइलवर आधी निरोप येतो, गाडी ओरडत फिरते. मैत्रीण अजून त्याच गल्लीत राहते. मुलांना घेऊन ती माझ्याकडं आलीय. आत्ता स्वयंपाकघरात आईला पोळ्या लाटून देतेय, तिची चाहूल लागली की हा कागद मी वह्यांखाली सरकवते. सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "तेव्हा अण्णांना कळलं असतं ना, तर आजीला त्यांनी पाठीवर घेऊन नेलं असतं."

मी हो म्हणाले. तुमची अब्रू राखायला नाही, अण्णा. तिनं माझ्याकडं यायचं थांबवू नये, म्हणून.