बॅटरीच्या सायकलीतला खुळखुळाट

अहो,

बावीस वर्षांच्या संसारात मी तुमच्यापासून काहीही लपवलेलं नाही. फक्त तुमच्या बॅटरीच्या सायकलीतला खुळखुळाट कुठून येतो, ते गेला दीड महिना सांगितलं नाही.

त्यापायी तुम्ही मोटर दोनदा उघडलीत, मडगार्डं काढलीत, पारनेरच्या तिन्ही सायकलवाल्यांना मूर्ख ठरवलंत. शेजारच्या रंभाजी शिंप्यांना सायकलीला कान लावून बाजूने पळायला लावलंत. परवा ते मला म्हणाले, "वहिनी, सायबांना सांगा, मला दमा हाय."

सायकल आणलीत तेव्हा कौतुकाने म्हणाला होतात, "आलो तरी कुणाला पत्ता लागत नाही." तो लागला दुसऱ्याच दिवशी. भर दुपारी कचेरी सोडून तुम्ही खिडकीखाली उभे होतात आणि आत मी माझ्या मैत्रिणीशी, वृषालीशी बोलत होते. संध्याकाळी आमची वाक्यं तुम्ही मलाच ऐकवलीत. मग ते नेहमीचंच झालं. पोस्टमनला तांब्याभर पाणी दिलं, त्याचीही चौकशी झाली. तेव्हा तुमची चाहूल लागायची सोय मलाच करावी लागली.

अकराच्या एसटीने जामखेडला ताईकडे जातेय. परत यायचं ठरवलेलं नाही. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या. आज दुपारी खिडकीखाली उभे राहिलात, तर आतून काही ऐकू येणार नाही. म्हणजे आता त्या आवाजाचंही काम उरलं नाही.

सीट उपसा आणि सायकल उलटी करा. नळीत पाच चिंचोके आहेत.

शोभा